नवा पत्ता, ॲलन स्ट्रीट

मेपल ग्लेन
२३ एप्रिल १९९५

प्रिय एमेट,

डेट्रॉइटची टपालहोडी हे पत्र तुझ्या जहाजापर्यंत पोहोचवेल तोवर माझा राग गेलेला असेल, म्हणून आत्ताच लिहून टाकते. काल मला पोलिसांनी पकडून घरी आणलं.

घाबरू नकोस. मी दूध आणायला निघाले होते, एवढाच गुन्हा. तुझ्या आईची, पेगची, दाढ सुजली म्हणून तिची शनिवारची फेरी चुकली. आणि पेग गाडी घेऊन आली नाही की या घरात दूध येत नाही, पाव येत नाही, माणूसही येत नाही. म्हटलं, दुकान काही चंद्रावर नाही. मोठ्या रस्त्याच्या कडेनं जाऊ. पण एमेट, त्या रस्त्याला कडच नाही रे! आधी गवत, मग खड्डा, मग एकदम गाड्याच. एकानं हॉर्न मारला, एक काच खाली करून काहीतरी ओरडला. शेवटी निळे दिवे लावून पोलीस थांबला. मिसरूडही न फुटलेला.

"बाई, गाडी बंद पडली का?"

"नाही. दूध आणायला चाललेय."

"चालत?"

मी पोहत कॅनडाला चाललेय म्हटलं असतं तरी त्याचा चेहरा तसाच झाला असता. मग त्यानं मला आज वार कोणता आणि राष्ट्राध्यक्ष कोण, असं विचारलं आणि मागच्या सीटवर बसवून घरी सोडलं. अख्खी आळी खिडकीत उभी. समोरच्यांच्या गॅरेजचं दार मी ओळखते, पण तोंडं पहिल्यांदाच बघितली.

डोळ्यांचं म्हणशील तर फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले, जैसे थे. समोरचं स्वच्छ दिसतं, कडेचं जरा कमी. गाडी चालवणं सहा वर्षांपूर्वी सुटलं, त्यापुढे काही नाही. तू काळजी करू नकोस.

तुझी बर्नी

*

'कॉर्नेलिया ब्रँट' जहाजावरून
४ मे

बर्नी,

तुझं पत्र सुकाणूवर उभ्या उभ्या वाचलं. वेड लागलंय का तुला? त्या रस्त्यावरून ट्रक कसे सुटतात ते मला माहीत आहे. तुला बाजूनं आलेली गाडी दिसत नाही आणि तू दुधासाठी जीव धोक्यात घालतेस? काळा चहा प्यायचा होतास.

हे घर मी काय म्हणून बांधलं? बफेलोच्या फर्स्ट वॉर्डात आम्ही पाच भावंडं दोन खोल्यांत वाढलो. भिंतीला भिंत लागलेली, शेजारचा शिंकला तर आमच्याकडे "देव भलं करो" म्हणायचे. बाबा धान्याची जहाजं फावड्यानं रिकामी करून यायचे आणि उंबऱ्यात बसून खोकायचे. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या बायकोला अंगण असेल, झाडं असतील, शांतता असेल. दिलं की नाही सगळं?

जानेवारीत हिवाळ्यापुरतं जहाज धक्क्याला बांधलं की घरी येतोच. तोवर आई आणेल तेच आणि तेवढंच. पायी कुठेही जायचं नाही. कसली चिंता करतेस, मी आहे ना.

एमेट

*

ॲलन स्ट्रीट, बफेलो
४ जून

प्रिय एमेट,

वरचा पत्ता परत वाच. चुकून लिहिलेला नाही.

मी घर सोडलं. तुला नाही सोडलं, ते आधी सांगते. माझा मावसभाऊ कॅसिमिर त्याची व्हॅन घेऊन आला. कपडे, शिवणयंत्र आणि आईचं पिठाचं भांडं एवढंच आणलं. फ्रेमच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात आणि त्याच दुकानात टेलिफोन घ्यायचं कामही मिळालं.

"मी आहे ना," असं लिहिलंस. एमेट, तू नाहीस रे. तू दहा महिने सरोवरांत जहाजावर असतोस. मी असते त्या घरात, पेगच्या मंगळवारच्या आणि शनिवारच्या फेरीची वाट बघत. तुझी शांतता इतकी आहे की मला माझंच गिळणं ऐकू येतं.

इथे काल एका सकाळीत मी पाव, बटणं, पेगच्या दाढेचं औषध आणि एक भांडण, एवढं सगळं पायी मिळवलं. भांडण भाजीवाल्याशी. कोबी शिळा होता आणि तो म्हणाला, "बाई, शिळा मी झालोय, कोबी कालचाच आहे." संध्याकाळी त्यानं मला रस्त्याच्या पलीकडून हाक मारून विचारलं, भाजी कशी झाली होती. मला, एमेट! मला कुणीतरी हाक मारली.

रागाव, पण पत्र याच पत्त्यावर लिही.

बर्नी

*

'कॉर्नेलिया ब्रँट'
१५ जून

बर्नी,

तीन वेळा वाचलं. माझा चेहरा बघून आमच्या स्वयंपाक्यानं विचारलं, "घरात कोण गेलं?" काय सांगू त्याला? माझी बायको बफेलोला राहायला गेली?

लोक तिथून जीव घेऊन पळतायत आणि तू उलटी निघालीस? पोलादाचा कारखाना बंद, निम्म्या घरांच्या खिडक्यांना फळ्या, माझ्या वर्गातली सगळी पोरं टेक्सासला नाही तर फ्लोरिडाला. त्या शहरात आता उरलंय काय? बर्फ आणि म्हातारे! मी वीस वर्षं राबून तुला तिथून बाहेर काढलं आणि तू न सांगता, न विचारता, त्या कॅसिमिरच्या मासळीच्या व्हॅनमध्ये बसून परत गेलीस. मासळीच्या!

आईला लिहिलंय. पुढच्या शनिवारी ती येऊन तुला घरी नेईल. सामान बांधून ठेव. वाद नको.

एमेट

*

ॲलन स्ट्रीट
१६ जुलै

प्रिय एमेट,

तुझी आई आली. मी सामान बांधलं नव्हतं आणि तिला पहिला तासभर गाडी लावायला जागाच मिळाली नाही. घामाघूम होऊन जिना चढली आणि दारातूनच सुरू झाली, "उचल ती पिशवी. गाडी कुठल्या तरी चर्चच्या दारात सोडून आलेय, पाद्री ओढून नेईल."

म्हटलं, पेग, कॉफी घेऊन निघू. ती खिडकीशी बसली. दोन घोट घेतले असतील नसतील, तोच खालून कुणीतरी किंचाळलं, "पेगी डोनली! मेलीस असं सांगितलं होतं मला कुणीतरी!" नोरा नावाची बाई. दोघी शाळेत एका बाकावर होत्या म्हणे. "पाच मिनिटांत येते," म्हणून आई खाली गेली ती जेवायला उगवली. तोंडाला तळलेल्या माशाचा वास आणि डोळे रडून लाल.

त्या शनिवारी उशीर झाला म्हणून राहिली. रविवारी नोराबरोबर चर्चला गेली. सोमवारी म्हणाली, दाढेचा डॉक्टर इथेच कोपऱ्यावर आहे तर दाखवूनच जाते. आता तीन आठवडे झाले. पुढची खोली तिची आहे. गाडी कॅसिमिरनं तुझ्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. काल ती मला काय म्हणाली माहीत आहे? "बर्नी, माझ्या त्या घरात मी टीव्हीला 'झोपते हं' सांगून झोपायचे." तुला हे कधी सांगितलं होतं तिनं?

मी बरी आहे. रोज सकाळी लेनर्ड येतो आणि आम्ही दोघं फिरायला जातो. कोपऱ्याकोपऱ्यावर थांबतो, त्याला कसली म्हणून घाई नसते. इतका वेळ मला आजवर कुणी दिला नव्हता. तुझ्या आईलाही तो फार आवडतो.

बर्नी

*

'कॉर्नेलिया ब्रँट'
२ ऑगस्ट

बर्नी,

आईला तुला आणायला पाठवलं होतं. तीही तिथेच राहिली? माझ्या घरात आता आईची गाडी राहते आणि माणसं कुणीच नाहीत, असंच ना?

ते राहू दे. लेनर्ड कोण?

सरळ विचारतोय, सरळ उत्तर दे. रोज सकाळी माझ्या बायकोबरोबर फिरणारा, घाई नसलेला, माझ्या आईला आवडणारा हा माणूस कोण? यासाठी गेलीस का? तसं असेल तर दुधाची आणि कोबीची गोष्ट कशाला सांगितलीस? लग्नाच्या सोळा वर्षांनंतर एवढं तर तोंडावर सांगायचं होतंस.

एमेट

*

ॲलन स्ट्रीट
२१ ऑगस्ट

एमेट,

तुझी बायको तुला उत्तर देत नाहीये, आणि तिच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं. तुझं पत्र वाचून ती दोन दिवस जेवली नाही.

लेनर्ड त्रेसष्ट वर्षांचा आहे. त्याचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत आणि त्याची बायको आम्हाला दर शुक्रवारी बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी पाठवते. बाकीचं माझ्याकडून ऐकायचं नाही. ते तिचं आहे, ती सांगेल तेव्हा सांगेल. तू मात्र आधी माफी माग आणि मग गप्प बसून ऐक. लहानपणी तुला हे दोन्ही जमत नव्हतं, आता जमव.

आई

ता. क. मी मजेत आहे. माझ्याबद्दल विचारलं नाहीस म्हणून सांगते.

*

ॲलन स्ट्रीट
१७ सप्टेंबर

एमेट,

तुझं माफीचं पत्र मिळालं. पेगनं मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "शुद्धलेखनाच्या चुका आहेत, म्हणजे मनापासून लिहिलंय."

आता ऐक. बसून वाच.

फेब्रुवारीत डॉक्टर 'जैसे थे' म्हणाले नव्हते. ते म्हणाले, कायद्यानं मी आंधळी आहे. कागदाची बारीक सुरळी करून डोळ्याला लाव, म्हणजे मला काय दिसतं ते तुला कळेल. सुरळीत येतं ते अजून लख्ख दिसतं. म्हणून मी पत्रं लिहिते, शिवते आणि तुला काही कळत नाही. सुरळीच्या बाहेर काहीही नाही. काळोखसुद्धा नाही. आणि ही सुरळी बारीक होत चालली आहे. कधी मिटेल ते सांगता येत नाही. मिटेल हे नक्की.

लेनर्ड आंधळ्यांच्या संस्थेचा शिक्षक आहे. तो मला पांढरी काठी घेऊन चालायला शिकवतो. कोपऱ्यावर आम्ही थांबतो ते गाड्यांचा आवाज ऐकायला. माझ्या बरोबरीनं जाणाऱ्या गाड्या सुटल्या की मी निघायचं, आडव्या जाणाऱ्या सुटल्या तर थांबायचं. पहिल्या दिवशी मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून ढसाढसा रडले. लेनर्ड म्हणाला, "रडायला हरकत नाही, फक्त पलीकडच्या फुटपाथवर जाऊन रडा."

तुला का नाही सांगितलं? तू जहाज सोडून धावत आला असतास. मला त्या घरात आणखी मऊ खुर्चीवर बसवलं असतंस आणि सगळं हातात आणून दिलं असतंस. आणि मी तुझे उपकार मानत मानत तिथेच संपले असते. मेपल ग्लेनमध्ये आंधळं माणूस म्हणजे खुर्चीतलं माणूस, एमेट. तिथे काठी टेकवायला फुटपाथ नाही. इथे आहे. इथलं जे काही मला लागतं ते पायांच्या टप्प्यात आहे. अजून दिसतंय तोवर मला हे रस्ते पाठ करायचे आहेत. म्हणून घाई केली. म्हणून तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि तू इतक्या प्रेमानं नाही म्हणतोस की मला मोडता येत नाही.

बर्नी

*

'कॉर्नेलिया ब्रँट'
१२ नोव्हेंबर

बर्नी,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहायला बसलो की पेन नुसतं हातात राहायचं.

लेनर्ड खरंच दुसरा पुरुष असता तर मी त्याला दोन ठोसे ठेवून दिले असते आणि मोकळा झालो असतो. आता कुणाला मारू? तुझ्या पत्रानंतर मी नकाशांच्या खोलीत जाऊन कागदाची सुरळी केली, डोळ्याला लावली आणि दरवाजा शोधायला गेलो. खुर्चीला अडखळून पडलो. कॅप्टननं विचारलं, काय चाललंय? म्हटलं, काही नाही.

आता ऐक. हे तुला सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. गेल्या आठवड्यात आम्हाला लोखंडाऐवजी गहू भरायला लावला. बफेलोसाठी. मंगळवारी सकाळी जहाज नदीत शिरलं, माझ्या बापानं ज्या धक्क्यावर फावडं मारलं त्याच्या शेजारीच लागलं. मला दिवस मोकळा मिळाला. तुला कळवलं नव्हतं. अचानक जाऊ, दार वाजवू, असं ठरवलं होतं.

तुझ्या दारासमोरच्या फुटपाथवर पोहोचलो आणि तेवढ्यात दार उघडून तूच बाहेर आलीस. हातात ती काठी. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. मग मी मागोमाग चालत राहिलो, चोरासारखा.

पाववाल्याच्या दुकानापुढे एक माल उतरवायचा ट्रक अर्धा फुटपाथवर चढवलेला होता. मी धावलोच, बर्नी. दोन्ही हात पुढे करून. तुझी काठी आधीच ट्रकच्या चाकाला लागली. तू थांबलीस, हातानं चाचपलंस, वळसा घालून पुढे गेलीस आणि ड्रायव्हरच्या दारावर मूठ आपटलीस.

"फुटपाथ तुझ्या बापाचा आहे का रे?"

तो बिचारा पोरगा खाली उतरून म्हणाला, "चुकलं बाई."

"मला चुकलं म्हणू नकोस, मागून बाबागाडी घेऊन येणाऱ्या बाईला म्हण. ट्रक काढ!"

आणि त्यानं काढला. मी हात तसेच पुढे धरून रस्त्यात उभा. एका म्हातारीनं मला विचारलं, "साहेब, तुम्हाला काही मदत हवी आहे का?"

पुढच्या सिग्नलपाशी तू थांबलीस. मी येऊन तुझ्या शेजारी उभा राहिलो. अगदी शेजारी, बर्नी. हात उचलला असता तर तुझ्या बाहीला लागला असता. तू समोर बघत होतीस, कान देऊन. मी तुझ्याकडे बघत होतो. तुला मी दिसलो नाही.

सोळा वर्षांच्या संसारातला नवरा हातभर अंतरावर उभा, आणि तुला दिसलो नाही. तेव्हा मला कळलं तू काय काय लपवलं होतंस. जेवणाच्या टेबलावर मी शेजारी बसायचो तेव्हाही तुला दिसत नसणार. तरी तू माझ्याकडे वळून हसायचीस.

मग बरोबरीच्या गाड्या सुटल्या. तू काठी पुढे टाकलीस आणि सरळ, एका रेषेत, माझ्यापासून पलीकडे निघून गेलीस. मी त्याच फुटपाथवर राहिलो. सिग्नल दोनदा बदलला. मग मी उलटा फिरलो आणि जहाजावर आलो.

आईला भेटलो नाही. भेटलो असतो तर तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो असतो, आणि मी सेहेचाळीस वर्षांचा आहे.

तू मला न विचारता गेलीस ते बरं केलंस. विचारलं असतंस तर मी नाहीच म्हणालो असतो. पण एक विचारतो. मी आजवर तुझ्यासाठी जे जे केलं ते तुला लागतं म्हणून केलं. आता तुला माझ्याकडून काहीच लागत नाही. मग मी येऊन करू काय?

एमेट

*

ॲलन स्ट्रीट
२३ नोव्हेंबर

एमेट,

आज थँक्सगिव्हिंग. पेग आणि नोरा टर्कीवरून भांडतायत. माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून मी इकडे येऊन बसले.

तुझं पत्र वाचून मी इतकी चिडले की पहिल्यांदा ते फाडणार होते. हाक का नाही मारलीस? तुझ्या घशाला काय झालं होतं? सिग्नलपाशी मला डिझेलचा आणि गव्हाच्या धुळीचा वास आला होता. मनात म्हटलं, कुणीतरी खलाशी असेल. तुझी आठवण आली म्हणून तर मी एवढी सरळ समोर बघत होते, त्या परक्या माणसासमोर रडू येऊ नये म्हणून. घरी आल्यावर पेगला म्हटलं, आज एमेटचा वास आला. ती म्हणाली, वेडी आहेस. आणि तू खरंच तिथे होतास! तुझं पत्र आलं ते मी तिला वाचून दाखवलं. मग तिनं तुला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

टेबलावर तू दिसायचा नाहीस, हे खरं आहे. ऐकू यायचास. मी हसायचे ते खोटं नव्हतं.

तू विचारतोस, येऊन करू काय. सोळा वर्षं तू दर हिवाळ्यात माझ्याकडे आलास. नळ, छप्पर, गाडी, दुकान, डॉक्टर, सगळं तू. तू माझ्यासाठी येतोस की कामासाठी, हे मला कधी कळलंच नाही. विचारायची सोयच नव्हती, कारण मला तू लागत होतास.

आता लागत नाहीस. पाव मी आणते. बर्फ पडला की दुकानदार फुटपाथ साफ करतात आणि मी चालते. परवा नोराला दवाखान्यात मी नेलं, धरून. म्हणून आता पहिल्यांदाच तुला विचारू शकते, आणि तू हवं तर नाही म्हण, माझं काही अडणार नाही.

एमेट, येशील का?

बर्नी

*

'कॉर्नेलिया ब्रँट'
१९ डिसेंबर

बर्नी,

यंदा बर्फ लवकर धरला, त्यामुळे पुढच्या आठवड्यातच टोलेडोच्या धक्क्याला जहाज बांधतोय. गाडी घेणार नाही. बसनं येईन आणि बस स्टँडवरून चालत.

दाराची किल्ली माझ्यासाठी कुठे ठेवू नकोस. मी बेल वाजवीन. आईला उघडू देऊ नकोस, तू उघड.

एमेट